नव्याण्णवचं कारण

अहो आई,

भेटायला येणारा प्रत्येक माणूस चप्पल काढता काढताच विचारतो, "कसं झालं हो?" आणि तो नितीनला विचारतो. नितीन सांगतो. त्याचं सांगणं आता इतकं घोटून झालंय की कुठे थांबायचं, कुठे चष्मा काढून पुसायचा, सगळं ठरून गेलंय. "सकाळी चहा घेतला, पेपर वाचला, टेबलापाशी बसली होती, आणि बसल्या बसल्याच गेली. त्रास म्हणून काही नाही." लोक म्हणतात, पुण्यवान बाई. वैशाली रडते. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवते.

नितीन तेव्हा ऑफिसच्या वाटेवर होता. वैशाली बोरिवलीला, तिच्या घरी. इथे मुलुंडच्या घरात मी होते. मला कोणी विचारलेलं नाही.

ही तक्रार नाही. सुनेला ते विचारायची पद्धत नाही, एवढंच. मुलाला आणि मुलीला विचारतात. सुनेला विचारतात, "दूध पुरेल ना गं, की कोणाला तरी पाठवू?" मी म्हणते, पुरेल. परवा स्वयंपाकघरात तळमजल्यावरच्या काकू दुसरीला हळूच म्हणाल्या, "हिच्या डोळ्यांत टिपूस नाही बघ. सासूच ती शेवटी." मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी राहून त्यांच्यासाठीच कप विसळत होते. राग यायला हवा होता. आला नाही. दाढ काढताना इंजेक्शन देतात ना, गाल आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसं माझं सगळंच झालंय. जेवते, झोपते, ऑफिसचे मेल पाहते. काकूंचं चुकलं नाही. टिपूस नाहीच.

पण नितीनच्या सांगण्यात नसलेली एक गोष्ट माझ्याकडे राहिली आहे. त्या सकाळी तुम्ही बाहेरून मला हाक मारलीत. म्हणालात, "मानसी, अगं कारण सापडलं मला!" मी आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. माइक बंद करून ओरडले, "आले आई, एवढं संपवून येते." तुम्ही म्हणालात, "ये सावकाश." आपलं बोलणं तिथे संपलं. डॉक्टर म्हणाले, मी तेव्हाच बाहेर आले असते तरी काही करता आलं नसतं, आणि मी ते मानते. त्याचं ओझं नाही माझ्यावर. कशाचं कारण, तेही मला पक्कं माहीत होतं. ते कारण काय होतं, एवढंच माहीत नाही.

आणि हे सांगायचं कोणाला? सांगायला गेलं तर आधी रोमन अंक सांगावे लागतील. मग तुमचा प्रोग्राम. मग एकोणीस. सुतकातल्या घरात कोण बसून रोमन अंक ऐकणार?

आठवतं ना कशी सुरुवात झाली ती? माझं काम घरून सुरू झालं आणि तुम्हाला पहिल्यांदाच मी कामात कशी दिसते ते दिसलं. म्हणालात, "दिवसभर त्या मशीनवर का ओरडत असतेस?" मी म्हटलं, मशीनवर नाही हो, दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधते, टेस्टर आहे ना मी. "म्हणजे वह्या तपासतेस." तसंच काहीसं. "आणि स्वतःला लिहिता येतं का, की नुसत्या फुल्या मारतेस?" उभं आयुष्य पालिकेच्या मराठी शाळेत पहिलीच्या बाई म्हणून काढलेल्या माणसाने असं विचारल्यावर काय बोलणार? मी म्हटलं, येतं की थोडंफार. "मग मला शिकव."

मला वाटलं, मालिका बघून कंटाळल्या असतील, दोन दिवसांचा उत्साह. सगळ्यांना शिकवतात तसं मी तुम्हाला तुमचं नाव पडद्यावर आणायला शिकवलं. तुम्ही ते पाहिलंत आणि म्हणालात, "माझं नाव मला माहीत आहे. त्याला काहीतरी काम दे."

काम तुम्हीच निवडलंत. आपण साधा आकडा द्यायचा, त्याने रोमन करून द्यायचा. पाचवीला तो धडा असायचा, पाचवीच्या बाई रजेवर गेल्या की तुमच्या गळ्यात पडायचा, आणि तुम्हाला तो कधी म्हणून आवडला नव्हता. "बघूया तरी," म्हणालात, "मला त्रास झाला, याला किती होतो."

मी रीत सांगितली. मोठ्यापासून लहानापर्यंत चिन्हांचा तक्ता करायचा, जे बसेल ते सगळ्यात मोठं आधी काढून घ्यायचं, उरेल त्याचं पुन्हा तसंच. तुम्ही म्हणालात, "डबे भरतात तसं. आधी मोठा डबा, उरलं की लहान." मी म्हटलं, अगदी बरोबर. चार, नऊ, चाळीस, नव्वदचे डबेही तक्त्यातच ठेवा, म्हणजे झालं. तुम्ही मान डोलावलीत, आणि माझा तक्ता बाजूला ठेवून दुपारभर दोन बोटांनी दुसरंच काहीतरी टाइप करत बसलात. अशा बऱ्याच दुपारी गेल्या. मग एक दिवस लॅपटॉप माझ्याकडे सरकवलात. "तपास."

मी तपासलं. एक ते अठरा, सगळं बरोबर. एकोणिसाला IXX. मी म्हटलं, आई, हे चुकलं, XIX हवं. एकोणतीस दिलं तर IXXX. एकोणपन्नासला IL. एकोणनव्वदला IXC. ज्याच्या शेवटी नऊ तो नापास. ठीक आहे, नवाचं काहीतरी बिघडलंय, अशा चुका रोज बघते मी. मग नव्याण्णव दिलं. आलं XCIX. एकदम बरोबर.

आई, इतकी वर्षं लोकांच्या चुका शोधण्याचा पगार घेते मी, पण अशी चूक पाहिली नव्हती. बिघडायचं तर नव्याण्णवही बिघडायला हवं. मी विचारलं, "हे एकटं कसं काय पास?" तुमच्या तोंडावर जे हसू आलं ना तेव्हा! मठ्ठ पोराने शेवटी एकदा नेमका प्रश्न विचारला की येत असेल तुम्हाला वर्गात, तसं. "मोठ्याने वाच," म्हणालात. "मराठीत."

एकोणीस. एकोणतीस. एकोणपन्नास. एकोणनव्वद. नव्याण्णव.

तुमचा प्रोग्राम मराठीत मोजत होता. एकोणीस म्हणजे विसाला एक कमी, तर वीस लिहून त्याच्या आधी एक टाकायचा. पन्नासाला एक कमी, तर पन्नासाच्या आधी एक. "आणि नव्याण्णवला आपण एकोणशंभर म्हणतो का? नाही म्हणत. नव्वद आणि नऊ म्हणतो. मग तिथे तसं लिहिलं. यात चूक कुठे?" मी पोट धरून हसले. मग म्हटलं, "चूक आहे ती चूकच आहे." मी ऑफिसात करतात तशी चिठ्ठी लिहून फ्रिजवर लावली: बग क्रमांक एक, एकोणीस. संध्याकाळपर्यंत तिच्याखाली तुमच्या लाल पेनाचं ठसठशीत अक्षर आलं. चूक नाही. समजून केले आहे. खाली सही.

तिथून आपलं जे जुंपलं ते जुंपलंच. मी म्हणायचे, दशक वेगळं आणि एकक वेगळं, असा नियम आहे. आधी चाळीसचं चाळीस लिहा, मग नवाचं नऊ. तुम्ही म्हणायचात, समोर पन्नास दिसत असताना माणूस चाळीसवर का रेंगाळेल? मी म्हणायचे, नियम आहे. "मीपण पोरांना हेच सांगायचे. नियम आहे म्हटलं की गप्प बसायची. पटलेलं नसायचं कुणालाच."

एका दुपारी आपला आवाज इतका चढला की समोरच्या वहिनींनी बेल वाजवून सगळं ठीक आहे ना विचारलं. तुम्ही दार उघडून गंभीरपणे सांगितलंत, "ही माझी सून रोमन लोकांची बाजू घेते." बिचाऱ्या परत गेल्या.

त्याआधीची सगळी वर्षं आपण किती नीट वागलो होतो! तुम्ही माझ्या आमटीला नावं ठेवली नाहीत, मी तुमच्या उपासांना. भांडण नाही, लोभही नाही. दोघी सज्जन बायका एका ओट्यापाशी उभ्या. भाजी कोणती करायची याच्यापुढे आपलं बोलणं गेलं नव्हतं. आई म्हणायचे मी तुम्हाला, ते सगळ्या सुना म्हणतात म्हणून. जेवताना हातातला घास तसाच ठेवून तुमच्याशी वाद घालायला लागले तेव्हा मला पहिल्यांदा या घरात मोकळं वाटलं. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. मुद्दाम नाही राहिलं. वाद संपायचाच नाही, मग हे कधी सांगणार?

तुमचा खरा प्रश्न रोमचा नव्हताच, हे मला जरा उशिराच कळलं. त्या दिवशी तुम्ही शेंगा सोलत होतात आणि मला पहिलीचा वर्ग सांगितलात. पोरं सुरात मोजतायत. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, आणि पोर अडतं. दरवर्षी, प्रत्येक वर्गात, तिथेच अडतं. "का नाही अडणार? पुढचं नाव घ्यायला त्याला पन्नास ठाऊक हवं. आणि पन्नास तर अजून आलेलंच नाही. जिथे पोचला नाहीस तिथून एक पाऊल मागे ये, असं सांगतो गं आपण सहा वर्षांच्या पोराला. माझी काही पोरं रडायची त्या पायरीवर. पण नव्याण्णवशी एकही पोर कधी अडलं नाही. अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, शंभर. सगळी कशी पळत सुटायची. मग मला सांग, एकोणनव्वदपर्यंत पुढचं बघून मोजणारी आपली माणसं, शंभराच्या दारात आल्यावर तसं का नाही बोलली?"

मी म्हटलं, कोशात बघूया. तुम्ही म्हणालात, "शब्द कुठून आला ते कोशात असेल. माणसांना तसं का वाटलं, ते कुठे असणार?"

हेच ते. याचंच कारण तुम्ही शोधत होतात. भाजी निवडताना, गच्चीवर फेऱ्या मारताना. मध्येच काहीतरी सुचायचं, माझ्याकडे यायचात, सांगता सांगताच तुमचं तुम्हाला पटायचं नाही आणि "जाऊ दे" म्हणून परत फिरायचात. नितीन चिडवायचा, "आई नव्याण्णवच्या फेऱ्यात अडकलीय." तुम्ही म्हणायचात, "तू गप रव." रागावलात की तुमच्या तोंडी मालवण यायचं.

एकदा तुम्ही लग्नाला गावी गेलात तेव्हा मी गुपचूप सरळ तक्त्याचा प्रोग्राम लिहून ठेवला. सगळे आकडे बरोबर. तुम्ही आलात, बॅग उघडायच्या आधी बसून एक ते शंभर तपासलंत, आणि म्हणालात, "हा पास आहे. पण याने डोकं वापरलेलं नाही, पाठ केलंय." मी इतकी चिडले होते! अजून चिडते. आई, IL चूक आहे. एकोणपन्नास XLIXच लिहितात. गेलेल्या माणसाशी वाद घालू नये म्हणतात, पण तुमचं असं कसं ऐकून घेऊ?

एक मात्र झालं. ऑफिसात कोणाची चूक सापडली की आता मी लगेच फुली मारत नाही. आधी बघते, याने काय विचार करून हे केलं असेल. टीममधली मुलं म्हणतात, मॅडम आजकाल समजून घेतात. मी कोणाला सांगितलं नाही की हे मला पहिलीच्या बाईंनी शिकवलं. सांगायला हवं होतं. सांगेन.

इथवरचं आधीच लिहून ठेवलं होतं. काल तेरावं झालं. पाहुणे गेले. संध्याकाळी वैशालीने कपाट उघडून तुमच्या साड्या पलंगावर काढल्या. रीतीप्रमाणे आधी तिने घ्यायच्या, मग मी, मग बाकीच्या. ती एकेक उलगडायची, वास घ्यायची, रडायची. मी पाण्याचा ग्लास घेऊन शेजारी उभी. नितीन म्हणाला, "वैशाली, आईचा लॅपटॉप तुझ्या इराला देऊया का? अकरावीला उपयोगी पडेल." वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो, घेऊन जा ना." गेले सगळे दिवस मी प्रत्येक गोष्टीला हो म्हणतेय. सोपं पडतं.

तिने तो तिथेच साड्यांमध्ये उघडला. समोरच 'रोमन' होतं, तुम्हाला सोपं जावं म्हणून मीच तिथे ठेवलेलं. तिने ते उघडलं. आकडा सांगा, असं आलं. तिने स्वतःचं वय टाकलं. एकोणचाळीस. आलं IXL.

"वहिनी, हे चुकलंय ना?"

नितीनने वाकून पाहिलं. "तो आईचा खेळ होता गं. दोघी दिवसभर भांडायच्या त्यावरून. मानसी, इराला देताना साफ करून दे हां सगळं."

हो म्हणायला मी तोंड उघडलं. आणि तोंडातून आलं, "नाही."

"काय नाही?"

"साफ नाही करायचं. लॅपटॉपही नाही द्यायचा."

आवाज मोठा आला असावा, कारण दोघंही माझ्याकडे बघत राहिले. नितीन समजुतीने म्हणाला, "अगं मग कॉपी करून घे ना. दोन मिनिटांचं काम आहे, तुला काय मी सांगायचं." बरोबरच होतं त्याचं. मला कॉपी करता येते. मला कॉपी नको होती, लॅपटॉपही नको होता खरं तर. मला एकदा कोणीतरी विचारायला हवं होतं, आणि ते मागायचं कसं ते मला येत नव्हतं.

वैशालीने लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला. "वहिनी, तू होतीस ना गं त्या दिवशी घरात?"

"हो."

"दादाचं ऐकून ऐकून पाठ झालंय मला. तू काहीच बोलली नाहीस."

"कोणी विचारलं नाही."

मग सरकून तिने पलंगावर जागा केली, माझ्या हातातला ग्लास काढून घेतला आणि म्हणाली, "बस इथे. मी विचारते. कसं झालं?"

मी सांगितलं. आधी हे सांगितलं की तुम्ही पेपर वाचला नव्हता, तो घडी न मोडता तसाच पडला होता, ते नितीनने आपल्या मनाने घातलंय. नितीन दारातच खाली बसला. मी सांगितलं की तुम्ही अंघोळ करून, केस न विंचरताच लॅपटॉप उघडून बसला होतात. हाक मारलीत ती आनंदाने मारलीत, आवाज असा होता की मला आत बसून हसू आलं. मी बाहेर आले तेव्हा तुमचा हात टेबलावर होता आणि मान खुर्चीच्या पाठीवर, आणि मी म्हटलं, "हां, बोला आता, काय सापडलं?" दोनदा म्हटलं. मग तुमच्या खांद्याला हात लावला.

वैशाली रडत होती पण तिने मला थांबवलं नाही. "काय सापडलं होतं तिला?"

"कारण. त्या म्हणाल्या, कारण सापडलं मला."

"कसलं कारण?"

मग मी तिला सगळं सांगितलं. एकोणीस, एकोणपन्नास, अडलेली पोरं. लहानपणी तुमच्याच हाताखाली मोजणी शिकलेली ती, मध्येच स्वतःशी मोजायला लागली. नव्वदपासून पुढे, मान डोलवत, वर्गातल्या सुरात. तो सूर मी कधी ऐकला नव्हता. नव्याण्णवला ती अडली नाही, सरळ शंभरात गेली. मग डोळे पुसून माझ्याकडे बघून म्हणाली, "खरंच की गं वहिनी. एकोणशंभर का नाही म्हणत आपण?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं. "त्यांना माहीत होतं. आता कोणाला विचारू मी?" वैशालीने साड्यांवरूनच मला जवळ ओढलं आणि मी तिच्या खांद्यावर अशी रडले की नितीन उठून आत आला. किती वेळ रडले माहीत नाही. आई, तुम्ही गेलात.